आठाचे दहा कोणी केले?

पत्र थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे ५१ वर्षांचे वाचक एका संस्थेत हिशेबनीस आहेत. दिवाळीच्या तोंडावर आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. पलंगावरून ती "पंधरा ते आठ काढ" असं सांगायची आणि तिला दाखवायला म्हणून हे चौकटीच्या वहीत रांगोळीचे ठिपके जोडायचे. आई हिंडूफिरू लागली, पण यांची वही काही सुटली नाही. आता रोज रात्री जेवण झालं की दार लोटून दोन तास नक्षी काढत बसतात. त्यांच्या शंका अशा: "शाळेत एलिमेंटरीला नापास झालो होतो, हातात चित्र नाही. ठिपक्यांशिवाय काही येत नाही. रचना सगळ्या आईच्या किंवा दिवाळीत मिळणाऱ्या पुस्तिकांतल्या, म्हणजे नक्कलच. क्लास लावून खरं चित्र शिकावं का? मेहुणे विचारतात, आता हळदीकुंकवालाही बसणार का? पुण्यात शिकणारी मुलगी म्हणते, पेज काढू, विकू. बायकोला यात रस नाही, 'घरात असून नसल्यासारखे असता' एवढंच म्हणते." शेवटी एक तक्रार: आई आठ दिशांना पाच-पाच ठिपके मांडून एकाच रेघेत कमळ पुरं करते. यांनी ते दहा दिशांचं करून पाहिलं, तर रेघ मध्येच पहिल्या ठिपक्याला येऊन मिटली. "आईची रेघ तुटत नाही, माझी तुटते."

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या निम्म्या शंकांचं उत्तर तिथेच सापडेल असं मला वाटतं. दहा दिशांची रेघ मिटली त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. तो भागाकाराचा खेळ आहे, आणि एका हिशेबनिसाला तो मी समजावून सांगावा हे जरा गमतीचंच.

तमिळ घरांत या रचनेला हृदयकमलम म्हणतात. मध्यापासून आठ दिशांना पाच-पाच, असे एकूण ४० ठिपके. रेघ पहिल्या दिशेच्या पहिल्या ठिपक्यावरून निघते, पुढच्या दिशेच्या तिसऱ्यावर जाते, मग पाचव्या, मग दुसऱ्या, मग चौथ्या, आणि सहाव्या दिशेला पुन्हा पहिल्या ठिपक्यावर येते. दर पाच पावलांनी तोच क्रम. आता आठाला पाचाने भाग जात नाही, म्हणून एक फेरा पुरा झाला तरी रेघ जिथून निघाली तिथे येत नाही. त्याच दिशेच्या दुसऱ्या ठिपक्यावर जाऊन पडते. असे पाच फेरे होतात, चाळीसही ठिपके घेतले जातात, आणि मगच ती मिटते. तुम्ही दहा दिशा घेतल्या. दहाला पाचाने भाग गेला, पहिल्याच फेऱ्यात रेघ परतली, दहा ठिपके झाले आणि चाळीस उरले. ते जोडायला आणखी चार वेगळ्या रेघा लागतील. चार रंगांच्या पेनांनी त्या काढून बघा, तुटकी म्हणून टाकून दिलेली नक्षी पाच गुंफलेल्या माळांसारखी दिसेल. न तुटणारीच हवी असेल तर दिशा ६, ७, ९, ११ किंवा १२ घ्या. ठिपके सहा आणि दिशा आठ केल्यात तर रेघा दोन होतील, कारण दोन्ही आकड्यांना दोनाने भाग जातो. यापुढचं तुम्हीच करून पाहा, त्यातली मजा मी कशाला घालवू?

आता मला सांगा, आईच्या कमळाला आठच दिशा होत्या, पुस्तिकेतही आठच असणार. मग आठाचे दहा कोणी केले? "असं केलं तर काय होईल" हे तुमच्या मनात आलं, तुम्ही ते करून पाहिलं, फसलं, आणि ते का फसलं याचा विचार करत तुम्ही मला पत्र लिहिलंत. नक्कल करणारा माणूस यातलं काहीच करत नाही. त्याचं कमळ आठ दिशांत छान पुरं होतं आणि तो झोपायला जातो.

तसं नक्कल करण्यात लाज वाटावी असंही मला काही दिसत नाही. नक्षीकामात शिकायचा राजरस्ता तोच आहे. डच चित्रकार एम. सी. एशर १९२२ मध्ये आणि पुन्हा १९३६ मध्ये स्पेनमधल्या ग्रनादाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात गेले. दुसऱ्या खेपेला तर ते आणि त्यांची पत्नी दोघंही भिंतींवरच्या फरश्यांची नक्षी वहीत उतरवून घेत बसले होते. निव्वळ नक्कल! पुढे पक्षी, मासे, सरडे एकमेकांत फट न ठेवता बसवलेली त्यांची जी चित्रं जगभर गेली, त्यांचं मूळ या उतरवून घेण्यात आहे. शाळेत गणितात तेही बेतास बातच होते. तुम्ही एशर व्हाल असं मी म्हणत नाही, तशी गरजही नाही. पण पुस्तिकेतली रचना उतरवताना तिचा सर्वांत लहान तुकडा कोणता, जो फिरवून किंवा उलटा करून सगळी रांगोळी तयार झालीय, तो शोधायची सवय लावा. बहुतेक वेळा बारावा किंवा आठवा हिस्साच पुरतो. तो तुकडा हाती लागला की पुस्तिका मिटून ठेवता येते.

एलिमेंटरीचं म्हणाल तर त्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. तुम्ही लिहिलंय की तांब्या आणि बाजारातलं दृश्य यांनी घात केला. म्हणजे वस्तुचित्र आणि स्मरणचित्र. संकल्पचित्रात, म्हणजे दिलेल्या चौकोनात नक्षी बसवायच्या पेपरात, किती गुण होते हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला दाट शंका आहे की ते बरे असणार. सरकारी परीक्षेनेही नक्षी हा चित्रकलेचा वेगळा, स्वतंत्र भाग मानला आहे. मग तुम्ही ५१ व्या वर्षी तांब्याकडे परत का जायचं? क्लास लावावासा वाटला तर जरूर लावा, पण 'खरं चित्र' शिकायला म्हणून लावू नका. तुम्हाला जे आवडतं ते खोटं आहे, ही समजूत फी भरून पक्की करण्यात काय अर्थ?

ठिपके ही कुबडी आहे, हा तुमचा दुसरा समज. तबलजीला तीनतालाच्या सोळा मात्रा कुबडीसारख्या वाटतात का? समेवर यायचंय हे ठाऊक असतं म्हणूनच मधल्या मात्रांशी त्याला खेळता येतं. नक्षीचं तसंच आहे. ज्याला मोकळ्या कागदाची धास्ती वाटते, अशा माणसाला ठिपके बसायला जागा देतात, आणि एकदा बसला की तिथून तो हवा तेवढा उधळू शकतो. (मोकळ्या हाताने सुंदर काढणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, पण ते वेगळं प्रकरण.)

एक प्रयोग सुचवते. "सात ते चार" घ्या: मधली ओळ सात ठिपक्यांची, वर-खाली सहा, पाच, चार. एकूण ३७ ठिपके. तेवढेच ३७ ठिपके तीन पानांवर मांडा. पहिल्या पानावर फक्त सरळ रेघा, दुसऱ्यावर फक्त पाकळ्या. तिसऱ्यावर एकाही ठिपक्याला स्पर्श न करता रेघ ठिपक्यांना वळसे घालत न्या, जशी तमिळनाडूतल्या सिक्कू कोलममध्ये, म्हणजे गुंतलेल्या रेघांच्या रांगोळीत, जाते. तिसरं पान पहिल्यांदा बिघडेल. या वळशांत वाटतं त्याहून जास्त डोकं लागतं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले गिफ्ट सिरोमनी आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकात कोलमच्या रचनांमागचे नियम शोधत होते, आणि त्यातून संगणकशास्त्रात चित्रांच्या व्याकरणाचा अभ्यास पुढे गेला. रोज पहाटे दारात ते काढणाऱ्या बायकांना हे नियम बोटांनी ठाऊक होतेच.

कागदाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत मला एक गोष्ट दिसली. तुमच्या षटकोनी रांगोळ्या उभ्या ताणल्यासारख्या दिसतात. कारण चौकटीच्या वहीत तुम्ही दोन ठिपक्यांत दोन घरं सोडता आणि दोन ओळींतही दोनच घरं सोडता. शेजारच्या तीन ठिपक्यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा असेल तर ओळींमधलं अंतर थोडं कमी लागतं. मिलिमीटरच्या आलेख कागदावर ठिपक्यांत २० मि.मी. आणि ओळींत १७ मि.मी. ठेवा, पुढची ओळ १० मि.मी. सरकवून सुरू करा. फरक लगेच दिसेल. असा एक तक्ता जाड कागदावर नीट आखून ठेवला आणि त्यावर पातळ कागद ठेवून काम केलं तर रोज ठिपके मोजायचा त्रासही वाचतो. ठिपके पेन्सिलीने, रेघ पेनाने. खोडरबर शक्यतो हाताशी ठेवूच नका. रेघ चुकली तर तीच चूक उरलेल्या पाचही बाजूंना मुद्दाम करा. नक्षीच्या छंदात ही एक चैन आहे, सहा वेळा केलेली चूक रचना म्हणून खपते! नव्या रचना अशाच निघतात, आणि तुमची आईही हे कबूल करेल.

ज्यांना अगदी पहिल्यापासून सुरुवात करायचीय आणि षटकोनाची धास्ती वाटते, त्यांनी पट्टीपासून सुरू करावं. वहीच्या समासात, दोन आडव्या रेघांमध्ये एकच आकार पुन्हा पुन्हा. तो सरकवता येतो, आरशात पाहिल्यासारखा उलटवता येतो, डोकं खाली पाय वर करता येतो, किंवा एकाआड एक वर-खाली टाकता येतो. हे सगळं कसंही एकत्र केलं तरी पट्टीच्या नक्षीचे मूळ प्रकार सातच होतात, आठवा नाही. सगळं पान भरणाऱ्या, चारही बाजूंना पसरणाऱ्या नक्षीचे १७, हे रशियातल्या फेदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केलं. घरातल्या कपाटात साड्यांच्या काठांवर या सातांपैकी किती सापडतात ते पाहायला लागलात तर एक अख्खी दुपार जाते. मी पाहिलंय, एखाद-दोन प्रकार काही केल्या भेटत नाहीत, मग ते आपणच काढावे लागतात.

आणि कधी संभाजीनगरकडे गेलात तर बीबी का मकबऱ्यात फोटो कमी काढा, जाळ्यांसमोर वही घेऊन जरा जास्त वेळ बसा. तिथली नक्षी ठिपक्यांची नाही, कंपास आणि पट्टीची. तुमच्या हाताला ती वेगळं काहीतरी शिकवेल.

मेहुण्यांचं उत्तर देण्यात मी फार शाई घालवणार नाही. मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळ्या कोरणारे हात, वारीच्या वाटेवर पालखीपुढे रांगोळ्या काढणारे तरुण, यांना कोणी हळदीकुंकवाचं विचारत नाही. वारली लग्नातला चौक, म्हणजे भिंतीवरचं विधीचं चित्र, सवाष्णींनी काढायचा असतो. पण डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे पुरुष असून, लग्न नसताना, विधी नसताना, रोजच्या रोज चित्र काढू लागले, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अर्थात हे सगळं मेहुण्यांना ऐकवायची गरज नाही. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं तर "बोलावलंत तर येईन की" म्हणा आणि चहा प्या.

मुलीचं म्हणणं मात्र विचारपूर्वक बाजूला ठेवा असं मी सुचवेन. विकण्यात वाईट काही नाही, पण पहिली ऑर्डर आली की रचना निवडायचा हक्क तुमच्या हातून जातो. लोक मोर मागतील, गणपती मागतील, "त्या दुसऱ्या पेजवर आहे तसं" मागतील. दहा दिशांचं फसलेलं कमळ कोणी मागणार नाही, आणि तुमचा जीव तर नेमका त्यात अडकलाय. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक तरी वही अशी हवी, जिच्यात कोणाला काही जुळवून दाखवायचं नाही. मला वाटतं तुम्हालाही हे आतून कळलंय, नाहीतर "मुलगी म्हणते" असं न लिहिता "मी विचार करतोय" असं लिहिलं असतंत.

पण तिला नुसतं नाही म्हणू नका. बाहेरगावी राहणाऱ्या मुलीला तुमच्या या नव्या उद्योगात काहीतरी वाटा हवाय, असंही ते असू शकतं. आजीला पाठ असलेल्या रचना कुठेच लिहिलेल्या नाहीत, हे तुम्हीच कळवलंय. मुलगी सुट्टीत आली की आजीने सांगायचं, तुम्ही काढायचं, तिने फोटो काढून नाव, ठिपक्यांची मोजणी आणि कोणत्या सणाला काढतात ते नोंदवायचं. चातुर्मासातली ३३ गोपद्मं, चैत्रांगणातली कासव, शंख, पाळण्यातली गौर, अशी यादी सुरू करा, आजी थांबणार नाही. ते पेजवर टाकायचं की घरातच ठेवायचं हे मग तिघांनी ठरवा. टाकलंत तर एक पथ्य पाळा: परंपरेतली रचना सगळ्यांची, पण आजच्या एखाद्या कलाकाराच्या पेजवरून घेतलेली असेल तर त्याचं नाव द्या.

आता बायकोचं. तुम्ही हे वाक्य मुलीच्या आणि मेहुण्यांच्या वाक्यांशेजारी ठेवलंय, जणू तीही तुमच्या छंदाबद्दलची एक टीकाच. मी ते दोनदा वाचलं. त्यात नक्षीचा उल्लेखच नाही. ती म्हणतेय की तुम्ही घरात असून नसल्यासारखे असता. म्हणजे तिची तक्रार आहे ती जेवणानंतर लोटल्या जाणाऱ्या दाराबद्दल. "तिला रस नाही" हा निष्कर्ष तुम्ही काढलाय, आणि तो काढणं सोयीचं आहे, कारण मग दार लोटायला कारण मिळतं. हे तुम्हाला टोचलं तर माफ करा, पण दिवसभर घर सांभाळून, सासूचं दुखणं काढून जी बाई रात्री दोन शब्द बोलायला बसणार, तिच्या समोर रोज बंद दार येत असेल तर त्या दारामागे नक्षी आहे की क्रिकेट, याने तिला काय फरक पडतो?

सुदैवाने तुमचा छंद असा आहे की त्याचे दोन भाग पडतात. पहिला मोजायचा: ठिपके, दिशा, पहिली रेघ कुठून कुठे. इथे कोणी बोललं की गणित चुकतं. हा भाग सकाळी लवकर करा, किंवा रविवारी, किंवा रात्री अर्धा तास दार लोटून, पण सांगून. दुसरा भाग भरायचा: पाकळ्या काळ्या करणं, रेघ जाड करणं, तोच आकार सहा ठिकाणी पुन्हा काढणं. तिथे हात आपोआप चालतो आणि कान-तोंड मोकळं असतं. तो भाग बाहेरच्या खोलीत, तिच्या शेजारी बसून करता येतो. डोळ्यांना चष्मा आणि डाव्या हाताला दिवा असला म्हणजे झालं.

तिला शिकवायला मात्र जाऊ नका. नवा छंद लागलेल्या माणसाला घरातल्या सगळ्यांना तो लावायची घाई असते. तिचा स्वतःचा काही वेगळा उद्योग असेल, किंवा काहीच न करता टीव्ही बघायचा असेल, तर बघू द्या. ती बोलली तर ऐका, आणि ऐकताना मान वर करा. दोन पाकळ्या भरायच्या राहिल्या तर त्या उद्या भरता येतात.

दिवाळीत अंगणात उतरायची इच्छा आहे पण धीर होत नाही, असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. उतरा की. पण कागदावरचा हात आणि चिमटीतला हात वेगळा. शिरगोळ्याची रांगोळी अंगठा आणि तर्जनीतून एकसारखी सुटायला सराव लागतो, आणि तो लोकांसमोर नको असेल तर गच्चीवर करा. गुळगुळीत फरशीवर रेघ वाऱ्याने उडते, म्हणून प्लायवूडच्या तुकड्याला गेरू लावून त्यावर हात बसवा. सुरुवातीचे काही दिवस नुसत्या सरळ रेघा आणि ठिपके काढा, मग "सात ते चार". "पंधरा ते आठ" म्हणजे १६९ ठिपके होतात, आणि ते ओणवं होऊन मांडायचे असतात. आईला विचारा, तिची कंबर कशी टिकली. ती बसून काढायची की उभ्याने वाकून, हे बघून घेण्यासारखं आहे.